बोरियल जंगलात कॅनू ट्रिप करायची असेल तर मराठवाड्यात बसून प्लॅनिंग कसं करायचं

आमच्याकडचे दोन-तीन जण कॅनडात नोकरीला गेलेत, त्यांच्या ओढीनं परभणी-नांदेडकडचे बरेच जण तिकडं फिरायला जायलेत, पण बहुतेकांचं फिरणं टोरंटो, नायगारा आणि मॉल एवढ्यावरच उरकतं. एखाद्याला खरंच जंगलात, पाण्यातून, कॅनू म्हणजे लांबट, अरुंद, हलक्या होडीत वल्हं मारत आठ-दहा दिवस जायचं असेल तर मराठीत नीट माहिती सापडत नाही म्हणून हे सविस्तर लिहायलो. एक गोष्ट आधीच सांगतो, या ट्रिपमध्ये सगळ्यात महागाची वस्तू म्हणजे कॅनू नाही, तंबू नाही, तर मोकळे ठेवलेले दिवस. तेवढे हातात असले की बाकीचं निभावून नेता येतं आणि ते नसले की माणूस घाई करतो, वाऱ्यात तलाव ओलांडतो, न बघता धारेत, म्हणजे नदीच्या खडकाळ, जोरात वाहणाऱ्या भागात, कॅनू घालतो, आणि तिथंच घात होतो.

बोरियल म्हणजे उत्तरेकडचं थंड जंगल. काळा स्प्रूस, जॅक पाइन, भूर्ज, खाली शेवाळ आणि दलदल, आणि ग्रॅनाइटच्या खडकात अडकलेले हजारो तलाव. तलावांना तलाव नद्यांनी जोडलेले, म्हणून कॅनू हेच तिथलं मूळचं वाहन, अनिशिनाबे आणि क्री हे तिथले मूळनिवासी लोक पिढ्यानपिढ्या असंच फिरत आलेत. ऑन्टारियोमधलं वाबाकीमी प्रोव्हिन्शियल पार्क बघा, थंडर बेच्या उत्तरेला, साधारण ८,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला अख्खा लातूर जिल्हा त्यात मावून वर जागा उरते, आणि आत गाडीरस्ता म्हणून नाही. मोबाइलला रेंज नाही. पाय मुरगळला तर कुणी ॲटोत घालून दवाखान्यात नेणार नाही, विमान येईपर्यंत हवामान बरं पाहिजे, नाही तर दुसरा दिवस उजाडेल.

त्यामुळं पहिलीच ट्रिप वाबाकीमीची करू नका. पहिल्यांदा अल्गोंक्विन पार्कला जा, ते १८९३ सालचं जुनं पार्क, टोरंटोहून गाडीनं तीन-चार तासांत पोचता येतं, पाट्या लावलेल्या, कॅम्पच्या जागा ठरलेल्या, इतर लोकही भेटतात. ते पक्कं बोरियल नाही, मिश्र जंगल आहे, पण वल्हं, ओझं, पाऊस आणि तंबू यांची सवय तिथं होते. त्यानंतर क्वेटिको पार्क, आणि मग वाबाकीमी किंवा रेड लेकजवळचं वुडलँड कॅरिबू. वुडलँड कॅरिबू हे पिमाचिओविन अकी या जागतिक वारसा क्षेत्राचा भाग आहे, २०१८ साली युनेस्कोनं ते जाहीर केलं. तुमच्यातल्या कुणालाच अनुभव नसेल तर सरळ गाइड घ्या, पैसे जातील पण त्यात कमीपणा काही नाही. आणि दोन कॅनू, चार माणसं, याच्याखाली दूरच्या जंगलात जाऊच नये असं माझं ठाम मत आहे, कारण एक कॅनू उलटली तर दुसरी मदतीला पाहिजे.

कधी जायचं? मे महिन्यात तलावांवरचा बर्फ नुकताच विरघळलेला असतो, पाणी जीवघेणं थंड. मेच्या शेवटापासून जूनभर काळ्या माश्या, त्या डासांपेक्षा बेकार, चावल्या की रक्त काढतात, आणि जून-जुलैत डास. जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला, माश्या कमी झालेल्या, पाणी त्यातल्या त्यात कोमट, सप्टेंबरात मात्र रात्री गोठायला लागतं आणि दिवसही लहान होत जातो. शेतीवाल्यांना पण हा काळ बरा पडतो, पेरणी-कोळपणी झालेली असते आणि सोयाबीन काढणीला अजून वेळ असतो. पोळा मात्र बहुतेक हुकणार, ते घरी आधीच सांगून ठेवा.

आता खरं काम, रूट. इथं नवीन माणूस हमखास गूगल मॅप उघडतो, बोटानं रेघ ओढतो आणि म्हणतो १५० किलोमीटर, रोजचे २५, सहा दिवसात झालं. असं होत नसतंय. शांत पाण्यात भरलेली कॅनू ताशी चार-पाच किलोमीटर जाते, पण समोरून वारा आला की दोनवर येते, आणि मध्ये मध्ये पोर्टेज असतात. पोर्टेज म्हणजे जिथं धार खडकाळ आहे किंवा दोन तलावांच्या मध्ये जमीन आहे तिथं सगळं सामान आणि कॅनू डोक्या-खांद्यावर घेऊन पायवाटेनं पलीकडं न्यायचं. सामान एका खेपेत जात नाही. दोन खेपा धरल्या तर १ किलोमीटरच्या पोर्टेजला ३ किलोमीटर चालणं होतं, दोनदा ओझ्यासह आणि एकदा रिकामं परत, तेही चिखलातून आणि पडलेल्या झाडांवरून. वाबाकीमीसारख्या ठिकाणी वाटा कुणी दर महिन्याला साफ करत नाही, वणवा लागून गेला असेल तर अख्खी वाट आडव्या झाडांनी बंद झालेली असते, म्हणून घडीची करवत सोबत लागतेच, आणि अशा एका वाटेत अर्धा दिवस जाऊ शकतो.

म्हणून हिशोब असा करा. रोजचे जास्तीत जास्त १५ किलोमीटर धरा, पोर्टेजचं अंतर त्यात तिपटीनं मोजा, आणि जेवढे दिवस येतील त्याच्यावर दर चार दिवसांमागं एक दिवस कोरा ठेवा. समजा सगळं मिळून ११० किलोमीटर भरलं, तर आठ दिवस वल्ह्याचे आणि दोन कोरे, दहा दिवसांचं शिधासामान आणि दहा दिवसांनीच परतीची गाडी. ते दोन दिवस वाया जातील म्हणून कुणी कुरकुर केली तर त्याला समजावून सांगा, की वाऱ्यामुळं तंबूत बसून काढलेला दिवस हा पण ट्रिपचाच दिवस आहे. मोठ्या तलावावर वारा साधारण सकाळी उशिरा सुरू होतो आणि दुपारभर राहतो, त्यामुळं पहाटे उजाडताच निघायचं, मोठं पाणी सकाळीच पार करायचं आणि दुपारी दोन-तीनला जागा धरायची. मधोमध तलाव कापायचा मोह होतो, अंतर वाचतं ना, पण काठाकाठानंच जायचं.

नकाशे कागदाचेच घ्या. कॅनडाचे १:५०,००० चे सरकारी टोपो नकाशे, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे, असतात, ते फुकट डाउनलोड होतात, मोठ्या कागदावर प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि दोन संच दोन वेगळ्या कॅनूत ठेवायचे. त्यावर उंचीच्या रेघा नदीला कुठं कुठं कापतात ते बघायचं, दोन रेघा जवळजवळ असल्या की तिथं उतार जास्त, म्हणजे धार किंवा धबधबा असणार हे घरी बसूनच कळतं. पोर्टेजच्या जागा सरकारी नकाशावर सगळ्या नसतात, त्या तिथल्या आउटफिटरकडून, म्हणजे कॅनू भाड्यानं देणाऱ्याकडून, नकाशावर पेननं मांडून घ्या. वणवा कुठं लागून गेला, कोणती वाट बंद आहे, हे त्यालाच माहिती असतं.

कंपासचं एक महत्त्वाचं. आपल्या मराठवाड्यात कंपासची सुई आणि खरी उत्तर यातला फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळं आपल्याला तो धरायची सवयच नसते. कॅनडात मात्र जागेप्रमाणं फरक पडतो, पूर्वेकडं क्वेबेकच्या टोकाला सुई पंधरा-वीस अंश पश्चिमेला सरकते, आणि पश्चिम किनाऱ्याकडं उलटी पूर्वेला. किती फरक धरायचा ते नकाशाच्या कडेला छापलेलं असतं, पण ते छापलेल्या सालचं, दरवर्षी थोडं बदलतं, म्हणून निघायच्या आधी नवीन आकडा काढून नकाशावर लिहून ठेवा. एक अंश चुकला तर किलोमीटरमागं सतरा-अठरा मीटर, दहा अंश चुकला तर पावणेदोनशे मीटर, आणि बेटांनी भरलेल्या तलावात तेवढ्यात तुम्ही चुकीच्या खाडीत शिरता.

तिथं पोचायचं कसं? वाबाकीमीला मजेशीर सोय आहे. टोरंटो ते व्हँकूव्हर जाणारी व्हिया रेलची ‘द कॅनेडियन’ ही गाडी पार्कच्या दक्षिण बाजूनं जाते, आधी कळवलं तर आर्मस्ट्राँग किंवा ॲलनवॉटर ब्रिजसारख्या ठिकाणी जंगलात उतरवते आणि कॅनू पण सामानाच्या डब्यातून घेऊन येते. पण ती आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते आणि मालगाड्यांना आधी वाट द्यावी लागत असल्यानं कित्येक तास लेट होते, त्यामुळं परतीच्या गाडीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी टोरंटो-मुंबई फ्लाइट ठेवायची नाही, किमान दोन-तीन दिवसांचा खंड पाहिजे. दुसरा मार्ग फ्लोटप्लेनचा, पाण्यावर उतरणारं छोटं विमान, जुनी बीव्हर आणि ऑटर विमानं अजून चालतात, कॅनू बाहेर फ्लोटला बांधून नेतात. महाग आहे, आणि ढग खाली आले की उडत नाहीत, परत तेच, कोरे दिवस पाहिजेत.

ऑगस्टची ट्रिप असेल तर दिवाळीतच बसून तारखा ठरवा. व्हिसाचा अर्ज जानेवारीत टाकून द्या, व्हिजिटर व्हिसाची फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. शेतीचं उत्पन्न असणाऱ्यांनी सातबारा, आठ-अ इंग्रजीत भाषांतर करून, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयटी रिटर्न असं सगळं नीट लावा, आणि जंगलात कॅनू ट्रिप हे कारण आडवळणानं न सांगता आउटफिटरच्या बुकिंगसकट सरळ लिहा. इन्शुरन्स घेताना त्यात हेलिकॉप्टर किंवा विमानानं उचलून नेण्याचा खर्च धरलाय का, हे पॉलिसीत वाचून बघा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. पार्कचं परमिट वेगळं, मासे धरायचे असतील तर ऑन्टारियोचं फिशिंग लायसन्स पण वेगळं.

आता सराव. कॅनू आपल्याकडं मिळत नाही, ते खरं, पण तयारी होत नाही असं नाही. आपली धरणं पावसाळा संपला की ऑक्टोबर ते फेब्रुवारी भरलेली असतात, उन्हाळ्यात पाणी पार आत जातं, म्हणून सराव हिवाळ्यातच उरकायचा. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी असतात, त्यामुळं वन विभाग आणि पाटबंधारेवाल्यांना विचारल्याशिवाय पाण्यात काही घालू नका. त्यापेक्षा येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव नाही तर विष्णुपुरीच्या बाजूला मासेमारी करणाऱ्या भोई काकांना विनंती करा, लाइफ जॅकेट घालून त्यांच्या होडीत वल्हं मारायला बसा. दोन तास वल्हवल्यावर खांदे आणि कंबर काय म्हणतात ते कळतं, आणि वारा सुटल्यावर धरणाच्या पाण्यात लाटा कशा उभ्या राहतात ते पण दिसतं, ते काका आभाळ बघून कधी परत फिरतात हे नीट बघा, हा भाग कोणत्या व्हिडिओत शिकता येत नाही. वाहत्या पाण्याचा अंदाज यायला कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग करून या. जे-स्ट्रोक, म्हणजे मागं बसणाऱ्यानं कॅनू सरळ ठेवायचा हात, आणि उलटलेली कॅनू दुसऱ्या कॅनूवर आडवी ओढून रिकामी करायची पद्धत, हे दोन्ही तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी काठाजवळ आउटफिटरकडून शिकूनच पुढं निघायचं.

पोर्टेजचा सराव तर आपल्या रानात फुकट होतो. २० ते २५ किलोचं कट्टं पाठीवर बांधा आणि नांगरलेल्या रानातून अर्धा किलोमीटर चालत जा, रिकामे परत या, पुन्हा दुसरं घेऊन जा. डांबरी रस्त्यावर किंवा जिममध्ये नको, ढेकळातच पाहिजे, कारण घोटा तिथंच तयार होतो. केव्हलर या हलक्या पण मजबूत धाग्याची कॅनू वीस किलोच्या आसपास असते, प्लास्टिकची तीसच्या पुढं जाते, त्यामुळं भाडं थोडं जास्त पडलं तरी हलकीच घ्या.

थंड पाण्याबद्दल जरा थांबून वाचा. आपल्याकडं बहुतेकांनी विहिरीत, पाठीला डबा नाही तर भोपळा बांधून पोहणं शिकलेलं असतं, आणि त्या जोरावर माणूस म्हणतो मला पोहता येतं, लाइफ जॅकेटची काय गरज. विहिरीचं पाणी आणि बोरियल तलावाचं पाणी यात लई फरक आहे. थंड पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं, पट्टीचा पोहणारा पण पहिल्याच मिनिटात बुडतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय, त्यांचा नियम १-१०-१ असा सांगतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात तेवढ्यात स्वतःची सुटका करून घ्यायला, आणि साधारण १ तास शुद्ध हरपायच्या आधी. म्हणजे दहा मिनिटांनंतर बोटं दोरी धरायला पण ऐकत नाहीत. म्हणून जॅकेट कॅनूत ठेवून चालणार नाही, अंगावर, चेन लावून, पूर्ण वेळ. कायद्यानं कॅनडात माणशी एक जॅकेट नावेत पाहिजेच, सोबत १५ मीटरची तरंगणारी दोरी आणि शिट्टी. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि स्लीपिंग बॅग वॉटरप्रूफ बॅगेत, आणि लायटर खिशात, बॅगेत नाही. सुती कपडे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत, लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे घ्या.

धारेचं एकच सांगतो, काठावर उतरून, चालत जाऊन शेवटपर्यंत बघितल्याशिवाय कॅनू घालायची नाही, आणि चौघांपैकी एकजण जरी नको म्हणाला तरी ओझं उचलून चालायला लागायचं, वाद घालायचा नाही.

जेवणाचं मात्र आपण लोक नशीबवान आहोत. दिवसभर वल्हं मारणाऱ्याला माणशी ७०० ते ९०० ग्रॅम कोरडा शिधा लागतो, आणि तिकडचे लोक त्यासाठी महागाची पाकिटं घेतात. आपल्याकडं येसर आहे ना! भाजलेली धान्यं, डाळी, मसाला सगळं एकत्र दळलेलं, उकळत्या पाण्यात कालवलं की दहा मिनिटात आमटी, थंडीत भिजून आलेल्या माणसाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सोबत कडक भाकरी, बाजरीची नाही तर ज्वारीची, पूर्ण वाळवलेली, ती कुस्करून आमटीत घालायची. थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, मेतकूट-भात. तांदूळ, मूगडाळ, पोहे, तूप हे सगळं तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, इथून ओझं नेऊ नका, आणि घरचं जे न्याल ते विमानतळावर कस्टमला न लपवता सगळं सांगा, लपवलं तर दंड होतो. तूप भरपूर ठेवा, थंडीत शरीराला ते लागतं आणि वजनाच्या मानानं सगळ्यात जास्त ताकद त्यातच. एका दिवसाचं जेवण एका पिशवीत बांधून त्यावर दिवसाचा नंबर टाका, आणि दोन दिवसांचा जास्तीचा शिधा तळाला वेगळा. पाणी तलावाचंच पितात, पण उकळून किंवा फिल्टर करून, नाही तर जियार्डिया हा पोटाचा आजार होतो.

विमानात काय नेता येत नाही ते बघा. अस्वलाचा स्प्रे नाही, गॅसचा डबा नाही, हे तिथं उतरूनच घ्यायचं. आणि सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे मोबाइलला रेंज नसली तरी सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं इनरीचसारखं उपकरण, जंगलात पाहिजेच पाहिजे, पण ते इथून विकत घेऊन नेऊ नका आणि तिकडून घेऊन येऊ पण नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि अशी उपकरणं बाळगायला बंदी आहे, विमानतळावर परदेशी पर्यटकांना सुद्धा त्यावरून अटक झालेली आहे. कॅनडात भाड्यानं घ्या, तिथंच परत करा.

अस्वलं असतात, काळी. जेवण आणि टूथपेस्टसकट वासाची प्रत्येक गोष्ट तंबूपासून लांब, झाकण घट्ट बसणाऱ्या बॅरलमध्ये ठेवा, तंबूत बिस्किटाचा पुडा पण नको. झाडाला टांगायचं म्हणतात, चार मीटर वर, पण तिथले स्प्रूस इतके बारीक असतात की बरी फांदीच सापडत नाही. डासांना जाळीची टोपी आणि फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, आपल्याकडची क्रीम तिथं पुरत नाही, डीट किंवा आयकॅरिडिन असलेलं तिथलंच घ्या. शौचाला पाण्यापासून सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा.

वणव्याचं गांभीर्यानं घ्या. २०२३ साली कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळालं, मराठवाड्याच्या दुपटीहून जास्त. निघायच्या आठवड्यात ऑन्टारियोचा वणव्यांचा नकाशा रोज बघा, शेकोटीला बंदी असेल तर स्टोव्हवरच सगळं करावं लागेल, त्या हिशोबानं इंधन घ्या. पार्क बंद झालं तर जायचा दुसरा रूट आधीच ठरवलेला पाहिजे.

शेवटचं काम घरच्यांसाठी. एका कागदावर मराठीत आणि एका कागदावर इंग्रजीत लिहा: कोण कोण, कॅनूचा रंग, कुठून आत जाणार, रोजचा अंदाजे मुक्काम, कुठून आणि कोणत्या तारखेला बाहेर येणार, आउटफिटरचा नंबर, आणि ऑन्टारियो प्रोव्हिन्शियल पोलिसांचा नंबर, कारण हरवलेल्या माणसांचा शोध तेच घेतात. एक प्रत घरी, एक कॅनडातल्या आपल्या माणसाकडं, एक आउटफिटरकडं. घरी समजावून सांगा, की तिकडं संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडं दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेचार, त्यामुळं ‘ठीक आहोत’ हा मेसेज सकाळी उठल्यावर बघायचा. एखाद्या दिवशी नाही आला तर आईनं लगेच घाबरून सगळ्या भावकीला फोन लावायचे नाहीत, बॅटरी संपू शकते, झाडीत सिग्नल अडतो. बाहेर यायच्या तारखेनंतर २४ तास वाट बघायची, आणि २४ तास होऊन गेले की मग कुणालाच न विचारता कॅनडातल्या माणसानं पोलिसांना फोन करायचा, ही वेळ तारखेसकट त्या कागदावर लाल पेननं लिहून ठेवा.